पळी म्हणजे हात नव्हे

एडवर्ड तुस्कानो बस चालवायचा आणि मराठी मंडळाचं जेवण रांधायचा. बसचा पगार मिळायचा. रांधण्याबद्दल वर्षातून एकदा शाल मिळायची, आणि ब्रिस्बेनच्या उकाड्यात या शालीचं करायचं काय, हे त्याची बायको इव्हा दरवर्षी त्याला विचारायची. कपाटाच्या एका खणात अशा अकरा शाली घडी न मोडता पडलेल्या होत्या.

माणूस वसईचा, नंदाखालकडचा. बाप गावच्या लग्नांतून रांधायचा, त्यामुळे शंभर माणसांचा भात डोळ्यांनी मोजायला तो लहानपणीच शिकला. इव्हाला इथे वृद्धाश्रमात नोकरी लागली आणि दोघं स्प्रिंगफील्ड लेक्सला आली, तेव्हा सामानाच्या कंटेनरमध्ये शिसवी पलंगाला जागा उरली नाही, कारण ती बापाच्या टोपाने खाल्ली होती. एका माणसाच्या कवेत मावणार नाही असा तो टोप. कस्टमवाल्याने त्याला विचारलं होतं, यात काय शिजवता, मेट? एडवर्ड म्हणाला, लग्न.

लेकसाइड मराठी मंडळाची एक रीत होती. वार्षिक सभेत आधी हात वर, मग जेवण. पहिल्या वर्षी आधी जेवण वाढलं होतं, तर दहीभात संपताच सगळे गाड्यांकडे सुटले आणि अध्यक्ष निवडायला सात माणसं उरली, त्यांतली दोन झोपलेली. तेव्हापासून शेवटचा ठराव होईपर्यंत टोपाचं झाकण उघडायचं नाही असं ठरलं. ठराव झाला की एडवर्ड लांब दांड्याची पळी टोपावर दोनदा वाजवायचा आणि रांग लागायची. भुकेपोटी ठराव भराभर व्हायचे. या पळीचा एडवर्डला बसच्या स्टिअरिंगपेक्षा जास्त तोरा होता.

अशा या मंडळात श्रीनिवास बोंद्रे उगवला.

श्रीनिवास घरं विकायचा. म्हणजे तळ्याकाठची नवी घरं लोकांना दाखवायचा आणि लोक ती घ्यायचे. घर रिकामं असलं तरी त्याच्या बोलण्यात ते भरलेलं असायचं. जुन्या अध्यक्षांवर, भूल देणाऱ्या एका सभ्य डॉक्टरांवर, त्याने दोन हजार एकोणीस साली तोंड सोडलं. डॉक्टरांचा गुन्हा एवढाच की कार्यकारिणीच्या बैठका ते गोल्फ क्लबात, खुर्च्यांवर बसून घ्यायचे.

“हे खुर्चीवाले,” श्रीनिवास माइकवर म्हणायचा, “यांना तुमचा घाम माहीत नाही. मला सांगा, या मंडळाचा खरा मालक कोण? तो बघा, टोपाशी उभा आहे. एडवर्डदादा. बसड्रायव्हर. आपलं मंडळ खुर्चीचं नाही, सतरंजीचं. जो सतरंजीवर बसला त्याचं मत. पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, आहे का, सिटिझन आहे का, मी विचारणार नाही.”

छपन्न वर्षांच्या माणसाला पहिल्यांदाच कोणी माइकवरून मालक म्हणालं होतं. एडवर्ड विरघळला. विद्यार्थ्यांना तोवर मत नव्हतं, नुसतं जेवण होतं. एडवर्ड गुडना आणि इप्सविचकडच्या त्यांच्या पाच भाड्याच्या घरांत स्वतः गेला. एकेका घरात आठ-आठ जण, दारात चपलांचा ढीग, ओट्यावर नूडल्सची पाकिटं.

“माझ्या शब्दावर या,” तो म्हणाला. “तुमचा हात मोजला जाईल. यंदाच नाही, दरवर्षी. मी सांगतो ना.”

कराडची सुखदा तेव्हा नुकतीच मास्टर्सला आली होती. तिने विचारलं, “काका, तुम्ही कोण मंडळात?”

“मी जेवण बनवतो.”

“मग तुमच्यावर इस्वास ठेवाय हरकत नाही,” ती म्हणाली.

सभेच्या दिवशी एडवर्डने त्यांना स्टेशनवरून आपल्या जुन्या टारागो व्हॅनमधून सहा फेऱ्या मारून आणलं. चाळीस हात वर झाले. डॉक्टर म्हणाले, नियमात बसत नाही, पण मोजा, असू दे. तेवढ्या सभ्यपणावर ते पडले. श्रीनिवासने त्याच दिवशी सगळ्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्या, स्वतः मांडी घालून बसला, आणि त्याचा फोटो फेसबुकवर दोनशे जणांनी लाइक केला.

मग मार्च आला, आणि त्याबरोबर करोना. कॅफे बंद झाले, शिफ्टा गेल्या. व्हिसावाल्यांनी आपापल्या देशी जावं, असं कॅनबेरातल्या सरकारने टीव्हीवरून सांगून टाकलं. विमानं बंद होती ती गोष्ट वेगळी. एडवर्ड रिकामी बस घेऊन फिरायचा. पुढचं दार बंद, प्रवासी मागून चढणार, आणि तोही एखादाच. आरशात मागे एखादा मास्क दिसायचा. त्याच दिवसांत श्रीनिवासने व्हिडिओ टाकला. टी-शर्ट, दाढी वाढलेली, मागे मुद्दाम दिसेल अशी घडी घातलेली सतरंजी. “कॅनबेरा काहीही म्हणो, आपली सतरंजी गुंडाळली जाणार नाही. एकही मूल उपाशी झोपणार नाही.” एडवर्डचे डोळे भरून आले. इव्हा डबल शिफ्ट करून आली होती, ती म्हणाली, “याच्या मागची सतरंजी कोरी आहे, एडू. लेबल तसंच आहे बघ.”

खरी सतरंजी, म्हणजे सतरंज्या, एडवर्डच्या गराजमध्ये होत्या. श्रीनिवासच्या दुमजली घरात त्यांना जागा नव्हती.

मदतीचा फॉर्म निघाला तो नऊ पानी. चौथ्या पानावर व्हिसाचा प्रकार, सातव्यावर दोन आजीव सभासदांची शिफारस. किराण्याच्या पहिल्या पंधरा पिशव्या तळ्याकाठच्या पंधरा घरांत गेल्या, कारण त्यांनाच प्रिंटर होता. प्रत्येक पिशवीवर श्रीनिवासचा फोटो होता, मांडी घातलेला. मंडळाच्या ग्रुपवर सुखदाने विचारलं, “भूक लागली हे सांगायला नऊ पानं का लागतात?” पाच मिनिटांत ग्रुपचं सेटिंग बदललं. आता फक्त अ‍ॅडमिन बोलणार. अ‍ॅडमिन दोघे, श्रीनिवास आणि त्याचा सेक्रेटरी अजित. मग लोकांचं मत जाणून घ्यायला म्हणून एक फॉर्म आला. अध्यक्षांच्या कामाबद्दल आपल्याला काय वाटतं? पर्याय दोन: छान, अतिशय छान. निकाल लागला तेव्हा श्रीनिवास म्हणाला, जनतेचा कौल मी नम्रपणे स्वीकारतो.

एडवर्ड मात्र मे महिन्यापासून दर शनिवारी कम्युनिटी हॉलच्या किचनमध्ये रांधू लागला. मागच्या खिडकीतून चाळीस डबे जायचे. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कोणाला विचारलं नव्हतं. श्रीनिवास एकदा येऊन त्याचाही व्हिडिओ काढून गेला. जाताना चव घेतो म्हणून दोन डबे घेऊन गेला. त्या दिवशी अडतीस गेले.

नोव्हेंबरात सुखदाने कळवलं की ती कार्यकारिणीसाठी उभी राहणार आहे. तिसऱ्या दिवशी सभेची विषयपत्रिका आली. ठराव पहिला: सभासद म्हणजे कायम रहिवासी किंवा नागरिकच. ठराव दुसरा: साथ पूर्ण संपेपर्यंत अध्यक्षांची मुदत चालू राहील. खाली बारीक अक्षरांत, शनिवारचे डबे यापुढे सभासदांनाच.

एडवर्डने दोनदा वाचलं. मग तो श्रीनिवासला भेटायला गेला. श्रीनिवास एका नमुना घरात गिऱ्हाइकाची वाट बघत होता. किचनच्या ओट्यावर काचेच्या वाडग्यात लिंबं होती. एडवर्डने सवयीने एक उचललं, दाबलं. प्लास्टिकचं होतं.

“श्रीनिवास, मी त्या मुलांना शब्द दिलाय.”

“दादा, तुमचा शब्द म्हणजे मंडळाचा शब्द. पण लोकशाही म्हणजे काय? लोकांना हवं ते. आणि लोकांना हे हवंय.”

“कोणाला विचारलंस?”

“विचारायला कशाला पाहिजे? मी त्यांच्यातलाच. मला कळतं.”

“ती मुलं पण लोकच ना? त्यांच्याच हातांनी निवडून आलास तू.”

“अहो, म्हणूनच तर,” श्रीनिवास मनापासून म्हणाला. “ज्यांच्या हातात एवढी ताकद आहे, त्यांचं पाऊल या देशात टिकणार की नाही, हे नको का बघायला? उद्या गेली परत, तर मंडळ कोणाचं? सभेच्या दिवशी आहात ना स्वयंपाकाला? रस्सा जरा झणझणीत होऊ द्या.”

एडवर्ड लिंबू वाडग्यात ठेवून आला. वाटेत त्याला उत्तरं सुचली, चांगली चार-पाच, पण श्रीनिवास मागे राहिला होता.

सरकारने तोवर बागेतल्या गर्दीवरची बंधनं सैल केली होती. मंडळाने आवळली. सभा बागेत, शंभरच माणसं, आधी नोंदणी, आणि नोंदणीची लिंक मंगळवारी सकाळी अकराला अजितने ज्यांना धाडायची त्यांना धाडली. चार मिनिटांत जागा भरल्या. विद्यार्थ्यांतले सहा जण शिरले, त्यात सुखदा. चौऱ्याण्णवांतले निम्मे तळ्याकाठचे, उरलेले अध्यक्ष म्हणतील तिकडे मान हलवणारे. हातांचा हिशेब एडवर्डला कळत होता.

शुक्रवारी कांदा कापता कापता तो इव्हाला म्हणाला, “रविवारी मी आधी वाढणार.”

“मग?”

“एका हातात रश्श्याचा डबा, दुसऱ्या हातात सोलकढीचा ग्लास. कोविडमुळे टेबलं नाहीत. तो म्हणेल, बाजूने असतील त्यांनी हात वर करा. कुठला हात करणार?”

“डबा खाली ठेवतील, एडू.”

“गवतावर? आयबिस बघितलेस त्या बागेतले?”

हे आयबिस म्हणजे लांब वाकड्या चोचीचे, मळकट पांढरे पक्षी. कचऱ्याचे डबे धुंडाळतात म्हणून इथले लोक त्यांना बिन चिकन म्हणतात. खाली ठेवलेलं काहीही त्यांचं असतं, आणि वर धरलेलंही अर्धं त्यांचंच.

इव्हाने कापलेला कांदा पातेल्यात सरकवला. “तू बस चालव, बाबा,” ती म्हणाली. “हे तुझं काम नव्हे.” पण रविवारी ग्लोव्हज घालून ती त्याच्या शेजारी उभी राहिली.

डिसेंबरचं ऊन डोक्यावर होतं. श्रीनिवास आला तो पाठीवर कॅम्पिंगची खुर्ची घेऊन, ग्लास ठेवायला हातात खाच असलेली. गुडघ्याचं दुखणं आहे म्हणाला. अजितलाही गुडघ्याचंच होतं, अशा आणखी सहा खुर्च्या निघाल्या. बाकीचे गवतावर, दीड-दीड मीटरवर. श्रीनिवासने माइक हातात घेतला आणि साथीत मंडळाने काय केलं ते सांगू लागला. वीस मिनिटं झाली तरी तो स्वतःजवळच होता.

एडवर्डने झाकण उघडलं. वाफेबरोबर वास सुटला आणि शंभर माना वळल्या. त्याने पळी टोपावर दोनदा वाजवली.

माणसं उठली. रीत मोडल्याचं एकालाही आठवलं नाही. दहा मिनिटांत सगळ्या बागेत दोन्ही हात गुंतलेली माणसं उभी होती, डबा छातीशी, ग्लास बोटांत, कोपराने पक्षी हाकलत. श्रीनिवासने एकवार टोपाकडे बघितलं. घरं विकणाऱ्याची नजर ती, समोरच्याच्या मनात काय आहे ते तिला लगेच कळतं.

“ठराव पहिला आणि दुसरा एकत्रच मांडतो,” तो म्हणाला. “बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.”

खुर्च्यांवरचे आठ हात वर झाले, कारण त्यांचे ग्लास खाचेत होते. आणखी कोणाचाही नाही. कोणीतरी डबा डोक्यावर धरायचा प्रयत्न केला आणि रस्सा कॉलरीत गेला. एडवर्डला छातीत हलकं वाटलं. त्याने इव्हाकडे पाहिलं. जमलं.

श्रीनिवास हसला.

“बघा मित्रांनो, ही आपली सतरंजीची माणसं. जेवणाऱ्याला उठवणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. त्रास नको कोणाला. मी उलटं विचारतो. ज्यांचा विरोध आहे, तेवढ्यांनीच हात वर करावा.”

बाग चावत राहिली.

एडवर्डला समजायला दोन-तीन क्षण लागले. त्याने स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ श्रीनिवासने नुसती दुसऱ्या टोकाने ओढली होती. सुखदाच्या तोंडात घास होता. आठवडाभर टोस्टवर काढल्यावर कोंबडी समोर आली होती, तिचा काय दोष. तिने ग्लास गवतावर ठेवला, हात उचलायला गेली, तेवढ्यात आयबिसने डब्यातून तंगडी ओढली आणि ती दोन्ही हातांनी डबा सावरू लागली. बाकीच्या पाचांना प्रश्नच ऐकू आला नव्हता.

मग एडवर्डने हात वर केला. उजवा, ज्यात पळी होती. सरळ आकाशात, रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळेपर्यंत धरून ठेवला.

श्रीनिवासने त्याच्याकडे पाहिलं आणि मोठ्या प्रेमाने माइकवर म्हणाला, “हो हो, दादा, वाढा की. दुसरी वाढ घ्या रे सगळ्यांनी. ठराव मंजूर.”

टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवायला हात नव्हते.

सभेचा वृत्तांत बुधवारी आला. दोन्ही ठराव एकमताने मंजूर. एडवर्डने डेपोत, बस सुरू करायच्या आधी, अजितला फोन केला.

“मी हात वर केला होता, अजित.”

“बघितलं ना मी. पण हात कुठे होता? पळी होती. घटनेत हात लिहिलंय.”

“पळी हातात होती.”

“म्हणजे तुम्ही ड्यूटीवर होता. ड्यूटीवरच्या माणसाला मत असतं का? तुम्ही बस चालवताना मत देता?” अजित समजुतीने बोलत होता. “आणि दादा, अध्यक्ष म्हणालेत, सव्वीस जानेवारीच्या महोत्सवाला टोप लागेल. यंदाची शाल जरा भारीतली आहे.”

एडवर्ड म्हणाला, टोप माझ्या बापाचा आहे. आणि फोन ठेवून गाडी सुरू केली. दोन थांबे चुकल्यावर मागच्या दाराशी एक म्हातारी ओरडली तेव्हा तो भानावर आला.

शुक्रवारी सुट्टी घेऊन तो पुन्हा त्या पाच घरांत गेला. चपलांचे ढीग लहान झाले होते, दोघं-तिघं मिळेल त्या विमानाने परत गेले होते. प्रत्येक दारात तो तेच बोलला. मी तुम्हाला शब्द दिला होता की तुमचा हात मोजला जाईल. तो खोटा ठरला. श्रीनिवासने खोटा ठरवला ते आहेच, पण वाट मी करून दिली. रविवारी आधी वाढलं ते मी. एरवी तुम्ही सहा हात तरी वर केले असतेत, आणि ते कागदावर आले असते.

चार घरांत मुलं म्हणाली, नो वरीज, अंकल. पाचव्या दारात सुखदा होती. ती असं काही म्हणाली नाही.

“काका, तुमी त्या बोंद्रेला समजता काय? त्यो जनता जनता म्हणून ऊर बडवतोय, आन जनता त्याला फोटोत मागं उभी ऱ्हायला पायजे. तुमी त्याच्याशी हुशारी करायला गेलासा. कशाला? सरळ माइकपाशी जाऊन नाही म्हणायचं होतं. तुमच्या हातात टोप हुता. झाकण न उघडता नुसतं नाही म्हणाला असतासा, तरी शंभर माणसं भुकेनं तुमच्या बाजूला आली असती.”

एडवर्डने मान हलवली. हे खरं होतं, आणि हे त्याला सुचलं नव्हतं.

“उद्या दुपारी घरी या सगळे,” तो म्हणाला. “गराजमध्ये. हॉलची किल्ली त्यांनी काढून घेतलीय.”

शनिवारी दुपारी टारागो रस्त्यावर काढून ठेवलेली होती आणि गराजच्या फरशीवर मंडळाच्या सतरंज्या अंथरलेल्या होत्या. कोणी परत मागितल्या नव्हत्या. त्या आहेत हेच वरच्या लोकांच्या लक्षात नसावं. तेहतीस जण आले. टोप मधोमध. इव्हाने अकरा शाली बाहेर काढल्या होत्या आणि टोपाखाली, पाठीमागे, जिथे टेकायला हव्या तिथे देऊन टाकल्या.

एडवर्डने पळी उचलली, तशी सुखदा उठून उभी राहिली.

“थांबा. आधी हात, मग जेवण. रीत आहे.” तिने घसा साफ केला आणि छापील मराठीत म्हणाली, “ठराव असा की, एडवर्ड काकांनी यापुढे फक्त स्वयंपाक करावा आणि राजकारणाची अक्कल चालवू नये. बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.”

तेहतीस हात वर झाले. दाराशी टेकलेल्या इव्हाचा चौतिसावा, सगळ्यांत आधी.

“विरोधात?”

कोणीच नव्हतं. सुखदा मोजू लागली, एकेकाकडे बोट दाखवून, मोठ्याने, एकही न गाळता. शेवटी तिचं बोट टोपाशी येऊन थांबलं.

एडवर्डने पळी झाकणावर ठेवली, हात पंचाला पुसला आणि वर केला.

“पस्तीस,” सुखदा म्हणाली. “आता वाढा.”